हॉट रॉडच्या पायऱ्या न काढण्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
जुनी व फेरबदल केलेली वाहने कक्ष,
पनवेल.

अर्जदार: खलील इब्राहिम तुंगेकर, रा. ओवे गाव, ता. पनवेल.

विषय: जुन्या हॉट रॉड मोटारीस बसवलेल्या पायऱ्या काढण्याचा आदेश मागे घेणेबाबत.
संदर्भ: आपले पत्र, "लाभार्थी हयात नसल्याने पायऱ्या काढून टाकणे".

महोदय,

१. वरील पत्र अर्जदारास मिळाले. त्यातील "लाभार्थी" म्हणजे अर्जदाराची पत्नी अस्मा. तिला आयुष्यात दुसऱ्या कोणत्याही कागदावर कोणी लाभार्थी म्हटले नव्हते, हे केवळ नोंदीसाठी.

२. अर्जदार आखातात गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. परत आल्यावर त्याने एक फार जुनी विलायती मोटार भंगारातून घेतली, तिला दांडगे इंजिन व रुंद चाके बसवली. हौशी लोक अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. गाडी उंच झाली, दाराखाली पायरी नाही, आणि अस्माचे गुडघे गेलेले. "आदी मला शिडी आणा, मग फिरायला चल म्हणा," असे ती पाहुण्यांसमोर ऐकवी. नेऱ्याला तिची बहीण शाजिया राहते. तिच्या दारात या गाडीतून उतरायचे, एवढीच अस्माची इच्छा होती. रिक्षाने ती नेहमीच जात असे. पण रिक्षातून उतरणाऱ्या बाईकडे कोणी खिडकीतून बघत नाही, असे तिचे म्हणणे.

३. म्हणून पायऱ्या. बॉडीचा पत्रा जुना, वजन पेलणारा नाही, सबब लोखंडी अँगल थेट चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्टने जोडून वर जाड खरखरीत पत्रा बसवला. मजबुती पाहण्यासाठी सिमेंटच्या दोन गोण्या ठेवल्या. अस्मा ओट्यावरून ओरडली, "मी काय दोन गोण्यांची हाय? एक तरी उतरवा, लोक बघतायत." अर्जदाराने एक उतरवली. पायरी दोन गोण्यांखालीही हलली नव्हती.

४. यानंतर अर्जदाराची सवय आडवी आली. तिकडच्या गॅरेजात गाडीत काहीही बदलले, की ती स्वतःहून तपासणीला नेऊन दाखवायची शिस्त होती. त्याच शिस्तीने अर्जदार गाडी घेऊन आपल्या कार्यालयात हजर झाला. "कोणी पकडलं तुम्हाला?" खिडकीवरील श्री. कृष्णकांत यांनी विचारले. कोणी नाही, असे सांगताच त्यांनी चष्मा काढला. "काका, मग आलात कशाला?" निर्णय होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये असा आदेश झाला व तो पाळण्यात आला.

५. गाडी अंगणात उभी राहिली. शुक्रवारी नमाजानंतर अर्जदार घरी आला, की अस्मा ठेवणीतली ओढणी घेऊन, कोणाचा हात न धरता पायरीवर चढे आणि आत बसे. "चला नेऱ्याला." इंजिन बंद असे, त्यामुळे आदेशाचा भंग झालेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी. "हळू, पुढं खड्डा हाय." अर्जदार स्टिअरिंग वळवी. "त्या ट्रकवाल्याला जाऊ द्या, त्याची कोण वाट बघत असेल." शेजारी हसत; अस्मा त्यांना हात करी. नेरे मात्र कधी आले नाही. अलीकडच्या पुलापाशीच ती म्हणे, "आज इथनंच फिरा. शाजियाच्या दारात खऱ्या रस्त्यानं जायचंय."

६. पुढे कार्यालयाचे पत्र आले, की लाभार्थीने समक्ष येऊन पायरीवर चढून दाखवावे; तेवढ्यापुरती गाडी रस्त्यावर आणण्यास मुभा. अस्माने त्यासाठी नव्या चपला काढून ठेवल्या. ठरलेल्या तारखेच्या आधीच झोपेत तिचे हृदय थांबले. अर्जदार त्या तारखेस मृत्यूचा दाखला घेऊन हजर राहिला, कारण गैरहजर राहिल्यास प्रकरण बंद करण्यात येईल, असे पत्रात म्हटले होते.

७. श्री. कृष्णकांत भले गृहस्थ. त्यांनी आधी पाणी दिले. मग म्हणाले, "काका, आता कोणासाठी ठेवता? ग्राइंडर मारा, फोटो आणा, गाडी लगेच मोकळी करतो." अर्जदाराने प्रामाणिक प्रयत्न केला. डाव्या पायरीखाली पाना घेऊन तो आडवा झाला, पहिला नट सैल केला आणि पुन्हा आवळला. आवळताना भान राहिले नाही. आता तो नट अर्जदारालाही निघेलसे वाटत नाही.

८. सबब नम्र विनंती, की पायऱ्या आहेत तशा राहू द्याव्यात. पायऱ्यांसह गाडी रस्त्यावर चालणार नसेल, तर गाडीची नोंदणी कायमची रद्द करावी. ती उभी करण्यात अर्जदाराची किती वर्षे गेली, हा मुद्दा विचारात घेऊ नये. शक्य असल्यास तिची नोंद वाहन म्हणून न राहता घराची एक खोली म्हणून व्हावी. त्याची घरपट्टी अर्जदार भरील.

९. निर्णय टपालाने कळवावा. मात्र पाकिटावर लाभार्थीचे नाव घालू नये. आमचा पोस्टमन फाटकातूनच नावाने हाक मारतो, आणि अर्जदार अजून दाराकडे वळून बघतो.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
खलील इब्राहिम तुंगेकर
ओवे, दि. ९ जानेवारी २०२५

सोबत: १. मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२. पायऱ्यांचे फोटो, दोन्ही बाजूंचे.
३. गाडीचे नोंदणी पुस्तक (मूळ; परत नको).