जोडीतलं पिस्तूल

नागपूर,
ता. १८ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. गोपिका हिस,
तुझ्या थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. घट बसले, धानाला कोंबही फुटलेत. जरीपटक्याच्या बाजारातून तुझ्यासाठी हिरवं पातळ घेऊन ठेवलंय. रंग बघून नाक मुरडू नकोस.

अक्षर वाकडं आलंय. ताप वगैरे नाही गं. मी फार घाबरले आहे.

पोळ्याला शेताच्या धुऱ्यावरून, हातभर बांधावरून दोघा भावांचं वाजलं, तेव्हा आपण पुरण वाटत होतो. देवरावभावजी ओरडले ते तूही ऐकलंस, "दसऱ्याले सोनं द्यायले येतो, पण बाबाचं पिस्तूल खिशात घालून येतो!" मी म्हटलं, रागाचं बोलणं, राग गेला की जाईल. यांनी मात्र ते मनात धरून ठेवलं.

वाटणीत मामंजींच्या पिस्तुलांची ती जोडी फुटली तेव्हा मला हसू आलं होतं. ताटं-वाट्या वाटाव्यात तसं एकेकाला एकेक! कुठल्याशा साहेबाने चोरांच्या भीतीने कोटाच्या खिशात बाळगलेली, तळहाताएवढी, ठासणीची. आपल्याला ती दसऱ्याला विळ्या-कोयत्यांसोबत पुजण्यापुरती. पण काल दुपारी हे दार लोटून बसले होते. मी पाहिलं, नळीत दारू ओतली, गोळी ठासली आणि घोड्याखाली ठिणगी पाडणारी तांब्याची इवलीशी टोपी बसवली. माझ्या हातातलं ताटच पडलं.

"ओरडू नको वं," म्हणाले. "त्यानं भरून ठेवलं असन. मी काय हात जोडून बसू?"

"अहो, भाऊ आहे तो तुमचा!"

"म्हणूनच तं भेव लागून राहिलं मले."

गोपिका, त्यांना कुणाला मारायचं नाही. ते भ्यालेत. पण भ्यालेल्या माणसाचा काय भरवसा? भावजी आपट्याची पानं काढायला खिशात हात घालतील आणि यांना वाटेल... पुढचं लिहवत नाही.

भावजींना अडवावं, तर धाकटा सोनं द्यायला आला नाही म्हणून नातं तुटलं ते तुटलंच. म्हणून दुसरं सुचलं. पूजेची शस्त्रं दूधपाण्याने धुणं आपल्याकडे सुनांचं काम, पुरुष मध्ये येत नाहीत. तुमचं धुताना नळी भिंतीकडे कर, टोपी काढ. खाली बारीक भोक आहे, त्यात पाणी सोड. दारू भिजली की उरलं नुसतं लोखंड. टोपी पुन्हा बसव, वर कुंकू लाव.

मला दसऱ्यापर्यंत धीर धरवला नाही. हे आंघोळीला गेले, तेवढ्यात आमचं मी भिजवलं. यांना पत्ता नाही. आता भावजींचं खरंच भरलेलं असेल, तर मी माझ्याच हाताने माझ्या नवऱ्याला निःशस्त्र केलंय. हे तुला कळवावं की नाही, सकाळपासून ठरत नव्हतं. तू आधी भावजींचीच असणार, मीही यांचीच आहे. पण आपलं लपवून तुझ्याकडे मागायचं कोणत्या तोंडाने?

शेजारची पंचफुला तुमच्या मौद्याला माहेरी निघालीय, तिच्या हाती हे देते. वाचून चुलीत घाल. उत्तर पाठवू नकोस, यांच्या हाती पडेल. दसऱ्याला भावजींच्या बरोबर तूही ये. दारात ओवाळायला येईन, तेव्हा तुमचं भिजलेलं किंवा रिकामं असलं, तर फक्त होकाराची मान हलव.

नाही हलली, तर ताट खाली ठेवून मी यांच्या पुढ्यात उभी राहीन. मी अशी मध्ये येईन हे भावजींना ऐनवेळी कळायला नको, आधीच सांगून ठेव.

आपलं कुंकू तुझ्या ओंजळीत ठेवून बसलेली,
सुभद्रा