वरच्या शेतातल्या नऊ गोळ्या

बेथेल, टेनेसी
१२ मार्च २०१६

चि. हॉलिस यास वर्नाताईचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. ऑरेगॉनच्या पावसाविषयी तुझी कुरकुर चाळीस वर्षं वाचतेय. तिथून हलत मात्र नाहीस. माझे गुडघे तसेच आहेत. जून संपला की मी लेकीकडे राहायला जाणार, घर आणि जमीन विकावीच लागणार.

पण एक चांगली बातमी आहे. ओढ्याकाठच्या रणभूमीचं पार्क वाढवताहेत, आणि त्यात आपलं वरचं शेत घ्यायचं म्हणतात. शेजारी प्रुइटांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, तशी आपल्याकडे होणार नाहीत. पार्कच्या मिस कीटिंग जमिनीतला धातू शोधणारी यंत्रं घेऊन आल्या होत्या. वरच्या शेतात यादवी युद्धातल्या नऊ गोळ्या निघाल्या. मग मी त्यांना आपल्या बहिणीला, ओपलला लहानपणी सापडलेल्या एकेचाळीस गोळ्यांची बरणी दाखवली, तिने काढलेला नकाशाही दाखवला. गोळी सापडली तिथे फुली, आणि नऊ ठिकाणी नुसती वर्तुळं. आताच्या नऊही नेमक्या त्या वर्तुळांत निघाल्या. आठ वर्षांच्या आजारी पोरीने एवढं चोख काम केलं म्हणून बाई थक्क झाल्या. शेतात लावायच्या पाटीवर तिचं नाव घालू म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे मक्याचा पाव आणि ताक ठेवलं आणि आत जाऊन रडून घेतलं.

शेताला साठ वर्षं नांगर लागला नाही म्हणूनच गोळ्या जागच्या जागी राहिल्या, असं त्यांचं म्हणणं. शेत पडीक ठेवण्याच्या बाबांच्या हट्टाला आपण उगाच नावं ठेवली.

तब्येतीला जप. मुलांना माझे पापे.

तुझी वर्नाताई


पोर्टलंड
२ एप्रिल २०१६

ती. वर्नाताईस, हॉलिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण जे लिहायचं ते हातून उतरेना.

ताई, त्या गोळ्या बाबांनी आणि मी पुरल्या होत्या. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की ओपल नाताळ बघणार नाही. तिला गोळी शोधायचा ध्यास होता, आणि ओढ्यापर्यंत नेण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. आजोबांनी ओढ्याकाठी वेचलेल्या गोळ्यांचा डबा माळ्यावर होता. बाबांनी त्यातल्या मोजून पन्नास घेतल्या. रोज दुपारी ती झोपली की आम्ही पाच-सहा पुरायचो. मी बोटाने भोक पाडायचो, बाबा वर गवत दाबून बसवायचे. संध्याकाळी तिला खांद्यावर घेऊन जायचे. ती चमच्याने माती उकरायची, आणि गोळी निघाली की बाबा इतके चकित व्हायचे की मलाच खरं वाटायचं.

तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. वर्नाच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणाले होते. रागावू नकोस.

एकेचाळीस आणि नऊ, पन्नास भरल्या. वरच्या शेतात लढाई झालीच नव्हती. पार्कला हे कळलं तर शेत गोदामवाल्यांच्या घशात जाईल. तू गप्प राहिलीस तर मीही राहीन. खरं सांगतो, ते शेत वाचावं असंच मला वाटतं.

तुझ्या धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

हॉलिस


बेथेल
२४ एप्रिल २०१६

चि. हॉलिस यास अ. आ.

आठ दिवस तुझ्यावर रागावले होते, मग कंटाळले. गप्प बसायचं मीही पक्कं केलं होतं. पण मिस कीटिंग पाटीचा मसुदा घेऊन आल्या. ओपलच्या नावाखाली लिहिलं होतं की या शेतात इलिनॉयची बावीस पोरं पडली. पुढे त्या सगळ्यांची नावं होती. हॉलिस, ती पोरं खाली ओढ्याकाठी मेली. आपल्या सोयीसाठी त्यांना टेकडीवर कसं आणायचं? त्यांनाही कुणी बहिणी असतील. मला ते जमलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

 आता पार्कची हद्द आपल्या कुंपणाच्या पलीकडेच थांबेल. वरचं शेत गेलं. मला त्याचं फार वाईट वाटतंय, आणि खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही नाही.

आता माझ्याकडचंही ऐक. त्या सप्टेंबरात ओपल अंथरुणाला खिळली होती. एक दिवस मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिने नकाशा मागून घेतला आणि ती नऊ वर्तुळं काढली. तिथे गोळ्या आहेत तर बाबांना काढायला सांगू का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. त्या राहू देत, नंतर बाबांना शोधायला काहीतरी हवं ना, म्हणाली. मला वाटलं, पोर तापात बरळतेय. आजवर तसंच वाटत होतं.

त्या उन्हाळ्यात हवा यावी म्हणून आपण तिची खाट वरच्या खिडकीपाशी हलवली होती. तुझं पत्र वाचून मी धडपडत जिना चढले आणि तिथे जाऊन बसले. तिथून अख्खं वरचं शेत दिसतं. दुपारी ती झोपत नव्हती, हॉलिस.

बाबांनी त्या नऊ कधी काढल्या नाहीत. रोज संध्याकाळी शेतात जाऊन नुसते उभे राहायचे, आठवतं ना?

मिस कीटिंगनी नऊही गोळ्या पाकिटात घालून परत दिल्या. त्या टपालाने पाठवणार नाही. जुलैत इथे गोदामवाल्यांची यंत्रं येतील, त्याआधी तू ये. दुपारी जेवून चर्चच्या दफनभूमीत जाऊ आणि तिच्याजवळ पुरून टाकू. भोक तू पाड, गवत मी दाबीन.

वाट पाहते. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझी वर्नाताई