समासातला उंदीर

३ मार्च, सोमवार

अध्यक्षांना आज नवीन खूळ लागलं आहे. लेखिकेला कृतज्ञतेचं बाड पाठवायचं! वाचनालयाच्या प्रत्येक सभासदाने एकेक पान लिहायचं – तुमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आम्हाला काय दिलं – आणि ती पानं गोळा कोणी करायची? अर्थात मी. "बाई, तुमच्याशिवाय आहे कोण?" हे वाक्य एकतीस वर्षं ऐकते आहे. त्याचा अर्थ एवढाच की राबायचं मी आणि फोटोत उभं राहायचं त्यांनी.

पण नाही म्हणवलं नाही. कारण तिसरा भाग. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर किल्लेदारीण नदीकाठी उभी आहे. किल्ला पडलेला, माणसं गेलेली, एक पाय नावेत, एक पाय काठावर – आणि बारा वर्षं ती तशीच उभी आहे! लेखिकेने त्यापुढे एक ओळ लिहिलेली नाही. अध्यक्षांचं म्हणणं, एवढं कौतुक वाचलं की ती लिहायला बसेल.

आईला सांगितलं. शहाऐंशी पूर्ण झाली, चार वर्षांपूर्वी डोळे गेले, पण जीभ अगदी शाबूत. म्हणाली, "पाय गारठला असेल गं तिचा! बघू या, आधी तिसरा भाग येतोय की माझं बोलावणं." असलं काही बोलली की मला संताप येतो. भीतीही वाटते, पण ती तिला सांगत नाही.

७ मार्च, शुक्रवार

चोवीस पानं आली. त्यातल्या एकोणिसांवर 'आपली लेखणी अशीच तळपत राहो'. अरे, ती तळपत नाहीये म्हणून तर हा खटाटोप!

अध्यक्षांनी स्वतः चार पानं लिहिली आहेत. साडेतीन स्वतःबद्दल.

१२ मार्च, बुधवार

कोपऱ्यावरच्या शिंप्याने पान कोरंच परत आणून दिलं. "जमत नाही बाई." म्हटलं, दोन्ही भाग तीन-तीनदा घरी नेलेत, आता दोन ओळी लिहायला काय धाड भरली आहे? तर म्हणतो, "सुचतं ते वाचताना सुचतं. तेव्हा लिहिलेलं तुम्हाला चालत नाही." आणि गेला तरातरा.

टोमणा कळला. पुस्तकात लिहिलेलं मला खपत नाही हे जगजाहीर आहे. परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी पान न् पान चाळते आणि समासात पेन्सिलीने जे काही खरडलेलं असेल ते खोडून टाकते. लिहिणारा सापडला तर त्याला महिनाभर पुस्तक नाही. पाठीमागे मला 'खोडरबर' म्हणतात. म्हणोत बापडे.

एकच जण कधी हाती लागला नाही – उंदीर. नाव मीच ठेवलेलं. बारीक तिरकं अक्षर, प्रत्येक नोंदीखाली दोन आखूड रेघा. कित्येक वर्षं कुरतडत होता, आणि नेमकी माझ्या आवडीची पुस्तकं! शिंप्यावर संशय होता. दवाखान्यातल्या नर्सबाईंवरही होता – त्या बिचारीचं कार्ड दोनदा अडवलं. मग चार वर्षांपूर्वी उंदीर आपोआप थांबला. गाव सोडून गेला असेल.

२० मार्च, गुरुवार

बाड रवाना केलं. एकसष्ट पानं, वर मखमली पुठ्ठा. मखमल ही अध्यक्षांची हौस.

आठला वाचनालय बंद करून घरी पोचायला नेहमीसारखे साडेआठ. आई जेवायची थांबलेली. "कशाला थांबतेस?" – "मग काय करू?" रोजचं भांडण, रोज त्याच शब्दांत. जेवण झाल्यावर दहा मिनिटं वाचून दाखवलं. मध्येच डुलकी लागली – मला.

३१ मार्च, सोमवार

लेखिकेचं पत्र आलं! उभ्या उभ्याच फोडलं. उतरवून ठेवते:

'सभासदांचे आभार. अशा पत्रांच्या माझ्याकडे दोन ट्रंका भरल्या आहेत. पुस्तक थोर आहे असं सगळेच सांगतात, पण वाचताना कुठे अडलात, कुठे चिडलात हे कोणी सांगत नाही. मी लिहायचं टाळते आहे असं समजू नका. ती पलीकडे का जाईल, हेच मला कळत नाही. सगळं गमावलेली बाई नावेत बसेल कशासाठी? जमलं तर तुमच्याकडची जुनी, हाताळलेली प्रत पाठवा. वाचनालयाच्या पुस्तकात लोक पेन्सिलीने खरं तेच लिहितात.'

हसावं की रडावं! आमच्या प्रती आरशासारख्या स्वच्छ आहेत. स्वच्छ पुस्तकांसाठी मला प्रशस्तिपत्रक मिळालेलं आहे. ते माझ्याच टेबलामागे टांगलेलं आहे.

१ एप्रिल, मंगळवार

अध्यक्ष म्हणाले, "त्यात काय, नवी कोरी प्रत पाठवून देऊ." मी कपाळाला हात लावला.

दुपारी शिंपी आला. मान खाली घालून त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा सूड उगवणार. पण त्याने दुसरा भाग मागितला, खिडकीशी गेला आणि पान डोळ्यांसमोर आडवं धरलं. कापडावरची जुनी शिवण उसवली तरी टोचे दिसतात, तसे तो बघत होता. "या बघायला," म्हणाला. खरंच! शिसं गेलं होतं, पण कागदावर दाब राहिला होता. तिरक्या उजेडात अक्षरं उठली. 'हाच फितूर निघणार. पैज!' – त्याचंच. शेजारी कोणीतरी, खोडलेलं वाचून: 'हरलात.'

एकतीस वर्षं मी खोडत होते आणि ही मंडळी तिथे गप्पा मारत होती!

४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी ऊन खिडकीतून तिरकं येतं तेवढा दीड तास बसते. वाचायचं आणि बारीक पेन्सिलीने पुन्हा गिरवायचं. मी – पुस्तकात – पेन्सिलीने! कोणी आलं की वर रजिस्टर ओढते.

'इथे थांबले. उद्या आईचं ऑपरेशन.' हे नर्सबाईंचं. 'शाब्बास गं बाई!' हे कोणाचं कळत नाही. एका पानावर नुसतं 'मीपण' एवढंच. मान मोडून गेली, डोळ्यांतून पाणी येतंय. आणि उंदीर तर पानापानावर! चांगलं लिहितो मेला.

९ एप्रिल, बुधवार

शेवटच्या पानाशी आले. नदीकाठ. इथे मी इतकं रगडून खोडलं होतं की कागद झिजला आहे. उंदराचंच अक्षर. तीन दिवस लागले. 'कशी जाईल? पलीकडे तिची वाट बघणारं आहे का कोणी?' खाली दोन रेघा.

संध्याकाळी साखर काढायला स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला आईची जुनी यादी अजून चिकटलेली आहे; रोज दिसते, वाचली आज. साखर, मीठ, साबण, काडेपेटी. बारीक, तिरकं. खाली दोन आखूड रेघा.

माझ्या हातातून डबा पडला.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी स्फोट झाला. म्हटलं, अगं, मी गावभर चोर शोधत होते! त्या नर्सबाईंचं कार्ड अडवलं! तू माझ्यासमोर बसून माझ्याच पुस्तकांत लिहीत होतीस?

"समोर कुठे? तू घरी असायचीस का?"

म्हटलं, विषय बदलू नकोस.

"हाच विषय आहे. तू पुस्तक आणून द्यायचीस, चार दिवसांनी न्यायचीस. कसं वाटलं, म्हणून एकदा तरी विचारलंस? मग बोलायचं कोणाशी? पुस्तकाशी बोलले. तू येऊन तेही खोडायचीस, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, खोडायला तरी वाचेल."

मी वाचत नव्हते. नुसती खोडत होते. हे तिला सांगितलं नाही. चप्पल घातली आणि कामावर गेले. दिवसभर एकही पुस्तक चाळलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

प्रत पाठवली. सोबत चिठ्ठी: 'खोडणारी मी. बारीक अक्षर आणि दोन रेघा माझ्या आईच्या.' नर्सबाईंची माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्यांदा मीच होते हो." धन्य आहे!

२३ एप्रिल, बुधवार

काही नाही. आई रोज विचारते. मी रोज तिच्यावर खेकसते.

२ मे, शुक्रवार

चारच्या टपालाने पाकीट आलं. नाव आईचं. तरी मी फोडलं. 'तुमचा प्रश्न पुरला,' एवढंच पत्र. खाली तिसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण, हाताने लिहिलेलं, समास चांगला रुंद सोडलेला. पहिल्याच ओळीत पलीकडच्या काठावर एक म्हातारी कंदील घेऊन बसली आहे.

बारा वर्षं तो प्रश्न माझ्या हाताखाली होता.

पाच वाजता वाचनालयाला कुलूप घातलं. वाटेत एक पेन्सिल घेतली. अध्यक्ष पायरीवरच भेटले – "बाई, हे काय! आठ कुठे वाजलेत?" म्हटलं, घरी आई वाट बघते आहे.