कावळ्याचं पान

१२ मे, सोमवार

आईने आज पुन्हा कावळ्यांची चौकशी केली. इथे असतात का, कधी येतात, भात खातात का. म्हटलं, असतात, पण ते आपल्याकडच्यासारखे काव काव करत नाहीत. लहान मूल कुरकुरावं तसे लांबट रडतात.

"रडू देत. यायला हवेत फक्त."

शनिवारी बाबांचं वर्षश्राद्ध. ती पुण्याहून इथे अ‍ॅडलेडला आली ती त्यासाठी, हे आता कळतंय. मला वाटलं होतं, नातीसाठी आली! गेल्या वर्षी मी पोचेपर्यंत दहावा उरकला होता. माझ्या वतीने उल्हासकाका बोलले, तरी पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. आईला ते वर्षभर सलतंय.

"अवधूत, तू बोलायला हवं होतंस. काकाने बोलून काय उपयोग?"

काय बोलायचं ते मला माहीत आहे. "बाबा, आईची काळजी नको, मी सांभाळीन." सगळे मुलगे हेच बोलतात. पण मी मानतच नाही तर बोलू कुणाला? ते खोटं होईल. मी बोलणार नाही.

१३ मे, मंगळवार

या सत्रात युनिव्हर्सिटीत मी चौथ्या शतकातला एक आफ्रिकी मास्तर शिकवतोय. वक्तृत्वाचा मास्तर, पुढे ख्रिस्ती झाला, बिशप झाला. खोट्याच्या बाबतीत महाकडक — दुसऱ्याचा जीव वाचवायलासुद्धा खोटं बोलायचं नाही. माणूस आवडतो मला! पोरांनाही सांगितलं.

हेही सांगितलं की तरुणपणी याच गृहस्थाने आईला थाप मारली, तिला किनाऱ्यावर ठेवलं आणि स्वतः रोमच्या जहाजात बसला. ती समुद्र ओलांडून मागोमाग गेलीच. वर्ग हसला. मीही हसलो.

१५ मे, गुरुवार

आई गवार मोडत बसली होती. म्हणाली, "देवाला मानू नकोस हो. नुसतं तोंडाने बोल."

"नुसतं तोंडाने म्हणजेच खोटं ना, आई?"

"बरं." आणि पुन्हा गवार.

वाद जिंकलो. जेवण गेलं नाही.

१७ मे, शनिवार

झालं श्राद्ध. मेल्बर्नच्या गुरुजींनी व्हिडिओवर सांगितलं, मी सांगतील तसं करत गेलो. बारीकसारीक चुका झाल्या असणार. सूनबाईने, म्हणजे कौमुदीने, इंडियन शॉपमधून फ्रोझन केळीची पानं आणली होती, ती सिंकमध्ये कोमट पाण्यात सोडली. वडे, खीर, आमसुलाची चटणी. कावळ्याचं पान मागच्या कुंपणाशी, कचऱ्याच्या बिनवर ठेवलं, कारण दुसरी उंच जागाच नाही.

वाट बघत उभे राहिलो. शेवटी एक पक्षी उतरला आणि आईने हात जोडले.

ईशानी ओरडली, "आजी, दॅट्स नॉट अ क्रो! दॅट्स अ मॅग्पाय!"

"अर्धा तरी काळा आहे ना?" आई म्हणाली. सगळे हसलो, आई सगळ्यांत जास्त. त्याने वडा उचलला आणि गेला. मग खरा कावळा आला, शेजाऱ्यांच्या छपरावर बसला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी बिनकडे पाहिलं. तो रडून उडून गेला.

"राहू दे," ती म्हणाली. जरासुद्धा रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

२० मे, मंगळवार

आज ट्यूटोरियलच्या तासाला विचारलं — डोक्याला सगळं पटल्यावरही तो आफ्रिकी मास्तर ख्रिस्ती व्हायला इतका काळ का अडून राहिला? अजून काय कळायचं होतं त्याला? मग मागच्या बाकावरची मिताली, जी कधी बोलत नाही, ती म्हणाली, "नथिंग. ही ऑलरेडी न्यू. ही जस्ट डिडन्ट वाँट टू."

कळलेलं होतंच त्याला, नुसतं नको होतं! पुढचं काय शिकवलं, आठवत नाही.

आईचं परतीचं विमान ३१ तारखेला. तिकडे रिकामा फ्लॅट, गुडघे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा असताना दोघांना आणि आता तिला इथेच ठेवून घेण्याचं चाललंय आणि प्रत्येक वेळी मीच म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. देव आहे की नाही हा मुद्दा नव्हताच! मी ते वाक्य बोललो असतो तर मला ते पाळावं लागलं असतं. म्हणून मला ते खोटं वाटत होतं. खऱ्याची एवढी चाड मला कधीपासून?

लाज वाटली. अजून वाटतेय.

२१ मे, बुधवार

कौमुदीला म्हटलं, आईला ठेवून घेऊ या. ती म्हणाली, "मी कधी नाही म्हटलं? आय वॉज वेटिंग फॉर यू, राजा."

२४ मे, शनिवार

सकाळी आई उठायच्या आत भात लावला. मूद पाडली, वर तूप, आणि बिनवर ठेवून आलो. गवत ओलं होतं, पाय गारठले. कावळा नव्हता. मॅग्पायसुद्धा नाही. म्हटलं, असू दे, मला बोलायचंय. बोललो — "बाबा, आई आता इथेच राहील. मी सांभाळीन." मोठ्याने, मराठीत, बिनसमोर उभा राहून.

आणि कुणीतरी ऐकलं. बाबांनी म्हणत नाही. कुणी, ते मला माहीत नाही. पण ऐकलं, आणि हे मी खोटं लिहीत नाहीये.

हात जोडलेले होते, ते आत येताना दार उघडायला सोडवावे लागले तेव्हा कळलं.