दहा काड्यांची डबी

९ जानेवारी, शुक्रवार

तीन उरल्या! रोज दहा देते, आज सातच संपल्या. मग त्या तीन वेळा ह्यांच्या तोंडात काय होतं?

सिगरेट सुटून सहा आठवडे झाले. सव्वीस वर्षांचं व्यसन! तल्लफ आली की ज्येष्ठमधाची काडी चघळायची, ही युक्ती माझी. सकाळी छोट्या डबीत दहा मोजून भरते, संध्याकाळी डबी उघडून बघते. दुकानदाराने सांगितलं होतं, दिवसाला नखाएवढा तुकडा पुरे, तोही आठवडाभरच. घरात कुणाला बीपी आहे का, हेही विचारलं होतं. तेव्हा कुणालाच नव्हतं. आणि झाडाचं मूळ ते, त्याने असं काय होणार आहे?

शर्ट हुंगला. लॉन्ड्रीत बावीस वर्षं काढलीत, माझ्या नाकाला कुणी फसवू शकत नाही. ग्रीसचा वास, घामाचा वास, बाकी काही नाही. तरी जेवताना बोलले नाही.

१० जानेवारी, शनिवार

अबोला चालू. डबी मात्र आज रिकामी.

२ फेब्रुवारी, सोमवार

तीन आठवडे रोज रिकामी डबी! एक काडी उरत नाही. शेवटी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं.

ह्यांची वर्षाची तपासणी २७ तारखेला आहे. पास झाले तर क्रेन, नाही तर गेटवर रजिस्टर घेऊन बसायचं. एकोणीस वर्षं हा माणूस त्या उंच केबिनमध्ये बसतोय. तिथून सगळं यार्ड हातावर ठेवल्यासारखं दिसतं म्हणतात. खाली बसवलं तर वाळून जातील. पण यंदा छाती साफ असणार, मला काळजी नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

काळजी आहे. बीपी १७०!

पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी गोळी लिहून दिली. आणखी काही औषध घेता का, असं विचारलं. ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, छे, काहीच नाही.

सिगरेट सुटली आणि बीपी चढलं? हे गणित मला पटत नाही. चोरून ओढत असणार. आंघोळीला गेले तेव्हा खिसे उलटे केले. रुमालात चघळून चोथा झालेली काडी, एक नट, बसचं तिकीट. पुन्हा शर्ट हुंगला. वर बघते तर हे दारात उभे! टॉवेल वाळत घातला आणि गेले.

लाज वाटली. पण संशय गेला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बीपी १८०. गोळी वाढवली. तपासणीला दहा दिवस.

१८ फेब्रुवारी, बुधवार

क्रेनच्या शिडीवर अर्ध्यात पाय लटपटले. फोरमनने वर चढून, कमरेला धरून उतरवलं. हात सुटला असता तर... मला पुढचं लिहवत नाही.

घरी आणलं तेव्हा चेहरा पांढराफटक. आणि मी काय विचारावं? "ओढता ना? खरं सांगा."

"नाही," म्हणाले. एवढंच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच फोनवर बजावलं होतं, घरात जे जे घेता ते सगळं पिशवीत घालून आणा. मी गोळ्या नेल्या, मलम नेलं, पोटाचं चूर्णसुद्धा नेलं. काड्या नेल्या नाहीत. ते थोडंच औषध आहे!

बाई एकेक बाटली वाचत होत्या. ह्यांनी सवयीने खिशातून डबी काढली आणि एक काडी तोंडात टाकली. बाईंचा हात थांबला.

"हे दिवसाला किती?"

"दहा," मी म्हणाले. अगदी अभिमानाने!

मग त्यांनी समजावलं. ज्येष्ठमध फार झालं की अंगात मीठपाणी साठतं, बीपी चढतं. पोटॅशियम वाहून जातं, स्नायूंतला जोर जातो, हृदयावरही बेतू शकतं. रक्त तपासलं तर पोटॅशियम तळाला गेलेलं. लगेच भरती करून घेतलं. इतके दिवस रोग म्हशीला आणि औषध पखालीला चाललं होतं, आणि पखाल भरणारी मी.

बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "झाडाच्या मुळात ताकद असते म्हणूनच ते औषध असतं," म्हणाल्या. "ताकद आहे तर माप पाळायला हवं, आणि डॉक्टरपासून लपवायचं नाही."

मी लपवलं नव्हतं. मला ते औषधच वाटलं नव्हतं. पण बाकी सगळं मोजत होते की मी!

२२ फेब्रुवारी, रविवार

घरी आणलं. डबी धुऊन तिच्यात सुया ठेवल्या. तपासणी महिनाभर पुढे गेली. आता काढासुद्धा विचारल्याशिवाय द्यायचा नाही. ताकही फुंकून पिणार मी.

२४ मार्च, मंगळवार

पास! १२८ वर ८०. छातीही साफ. संध्याकाळी शिट्टी वाजवत आले. उद्यापासून पुन्हा क्रेन.

२५ मार्च, बुधवार

सकाळी निघताना विचारलं, दहाच्या दहा कशाला खायचात हो? तल्लफ तर कमी झाली असणार.

बुटाची नाडी बांधत होते. "तीन उरल्या त्या दिवशी तू माझा शर्ट हुंगलास."

मग फेकून द्यायच्या होत्या!

"ते खोटं झालं असतं," म्हणाले आणि जिना उतरून गेले.