अकरा महिन्यांचं वर्ष

४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला आठवतं का, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आपण दोघी जमिनीवर बसून वह्यांना खाकी कव्हरं घालायचो? मी कोपरे दुमडायचे आणि तू डिंक खायचीस. बाबा म्हणायचे, मोठी पुढे पुस्तकंच बांधणार. तीस वर्षं तेच करतेय.

बांधणीला आलेलं पुस्तक वाचायचं नाही, हा माझा नियम. गेल्या आठवड्यात तो मोडला. एका वकिलांकडून भाडेकायद्याचं पुस्तक आलं होतं, शिवण पार उसवलेली. पानं क्रमाने लावताना एका कलमावर नजर अडली. घराचं भाडं बारा महिने पुरे झाल्याशिवाय वाढवता येत नाही, आणि वाढवलं तरी शंभरामागे पाचाहून जास्त नाही. हा नियम मोडल्यास वाढ रद्द, घेतलेले पैसे परत.

आमचे घरमालक म्हणजे तुझे व्याही. त्यांचं वर्ष अकरा महिन्यांचंच असतं. अकरा महिन्यांचा नवा करार, की भाडं वाढलंच. नऊ वेळा वाढवलं. तुझ्या लेकीचे सासरे, म्हणून मी हूं की चूं केलं नाही. नऊही करार माझ्याजवळ आहेत.

खालच्या खोलीतल्या शिंपीमास्तरांचं भाडं तर त्यांनी एका फटक्यात दीडपट केलं. मास्तर मशीन हातगाडीवर घालून मुलीकडे गेले आणि तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आठ महिन्यांत संपले. तुझ्या लेकीच्या लग्नाचे कपडे त्यांनीच शिवले होते, शिलाई न घेता.

मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, वैऱ्याला क्षमा करा. मी खूप प्रयत्न केला गं. जमलं नाही. मास्तरांच्या मुलीला सोबत घेऊन भाडे कचेरीत अर्ज दिला आहे.

रागावलीस तरी चालेल, माया पातळ करू नकोस.

तुझी,
मोठी

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डिंक मी एकदाच खाल्ला होता. पन्नास वर्षं ऐकतेय.

तुझं पत्र मिळालं. काल व्याही आले. चहाला हात लावला नाही. म्हणाले, बहिणीला आवरा, घरातली गोष्ट कचेरीत नेली. अर्ज मागे घेतलास तर तुझं भाडं जन्मभर वाढवणार नाहीत. मास्तरांचं नाव मात्र पुन्हा काढायचं नाही. तोवर सुनेला माहेरीच राहू दे, असंही दारातून म्हणाले. लेक आज बॅग घेऊन आली. जावईबापू तिला दाराशी सोडून परत फिरले.

ताई, गेलेल्या माणसासाठी जित्या लेकीचं घर मोडायचं का? तूच सांग.

चुकलं असेल तर पोटात घाल, जवळ धर.

तुझी,
धाकटी

२६ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझा प्रश्न बांधणीच्या सरसासारखा बोटांना चिकटून बसला. शेवटी मी अर्ज मागे घेण्याचा कागद लिहिला. खरंच लिहिला. तो न्यायला व्याही स्वतः आले. खुर्चीवर रेलून म्हणाले, शिंपी मरायचाच होता, या छपराखाली काय नि त्या छपराखाली काय. मी कागद त्यांच्यादेखत फाडला.

लेकीला काय हवंय, ते तू मला कळवलंच नाहीस. तिला विचारलंस तरी का?

आहे तो लोभ तसाच आहे, बोलणं कडू झालं इतकंच.

तुझी,
मोठी

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. ती आधी खूप रडली. मग म्हणाली, नऊ वर्षांत त्या घरात तिला कुणी काही विचारलेलं नाही. पगारसुद्धा सासऱ्यांच्या हातात द्यावा लागतो; बसभाड्याला मागून घ्यायचं. मला यातलं काही माहीत नव्हतं गं. तिचा निरोप आहे, मावशीला सांग, माघार घेऊ नकोस.

माझाही तोच.

धाकटी

२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
खूप खूप आशीर्वाद. वि. वि.

निकाल लागला. माझ्या नऊही वाढी रद्द, भाडं पहिल्यासारखं. मास्तरांचीही वाढ रद्द, दोघांचेही जास्तीचे पैसे परत. कारकुनाने त्यांचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं तेव्हा व्याही पंख्याखाली बसून घाम पुसत होते. बाहेर येऊन त्यांनी मला हात जोडले. म्हणाले, सुनेला आजच घेऊन जातो. मी म्हटलं, ते ती ठरवेल.

मला वाटलं होतं, त्यांची कीव येईल. आली नाही. फार बरं वाटलं. सिस्टरांना सांगू नकोस.

दोघींना जवळ घेते.

तुझी,
मोठी

ता. क. परतीचे पैसे तुझ्याकडे पाठवीन, वाटणी तुझ्याच हातून व्हावी; ते असे पोचव. मास्तरांचा वाटा त्यांच्या मुलीला, तिच्याच हातात. माझा सगळा वाटा आपल्या लेकीला, तिच्या एकटीच्या नावाच्या खात्यात. नोकरीजवळ खोली बघायची तर बघू दे. जावईबापूंना तिचा पत्ता, पण स्वतःहून विचारलं तरच. तुला काही नाही, तू आधी व्याह्यांची बाजू घेतलीस. आणि व्याह्यांना पावती. त्यांचे पैसे कुणाकुणाला गेले, ते स्वच्छ अक्षरात लिहून.