ऑलवेजची जागा

बाई, आज सातवीला तुमचा खेळ घेतला, आणि खरं सांगते, तुमच्यापेक्षा चांगला घेतला. रागावू नका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून करणार काय? तुमच्याकडे जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे होते, माझ्याकडे शिरगावच्या शाळेचा चकचकीत हॉल आहे. बाकी सगळं तेच. पाच मुलींच्या गळ्यात एकेका इंग्रजी शब्दाचा पुठ्ठा: शी, हॅज, ऑलवेज, बीन, हिअर. ती कायम इथलीच आहे, असं वाक्य. हॅज आणि बीनने हात धरायचे, ऑलवेजने त्यांच्या मधे शिरायचं.

तेव्हा तुमच्या वर्गात, बदलापूर गावातल्या शाळेत, ऑलवेजचा पुठ्ठा माझ्या गळ्यात होता, आणि मी आपली जाऊन रांगेच्या टोकाला उभी. नियम येत नव्हता असं नाही हो. आम्ही डोंगरावरच्या वाडीतली पोरं खिचडीला शेवटी, नळावरही शेवटी. कुणी सांगावं लागत नसे, पाय आपोआप तिकडे वळायचे. तुम्ही आधी ओरडलात, डोकं कुठे आहे तुझं म्हणून. मग काय ते तुमच्या लक्षात आलं असावं. हॅज आणि बीन झालेल्या दोघी गावातल्या. तिला मधे घ्या म्हणालात, तर बीनने हात मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला. तुम्ही खुर्ची ओढून बसलात.

"वाक्य पूर्ण झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. मलाही घाई नाही."

सुट्टीची घंटा होऊन गेली. शिपाई दोनदा डोकावतो, बीन मुसमुसते, मी ढिम्म. शेवटी तिने हात दिला, घामेजलेला, गार. दुसऱ्या दिवशी खिचडीच्या रांगेत मी मधे घुसले, भांडून घुसले. तेव्हापासून मला मागे ढकलायची कुणाची टाप नाही, बाई.

तर आज तास संपल्यावर मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर विचारलं, ही युक्ती कुणाची? मी म्हणाले, माझी. टाळ्या झाल्या, त्या मी घेतल्या. तुमचं नाव अगदी ओठावर आलं होतं. पण ते काढलं असतं तर मी रांगेत कुठे उभी राहायचे तेही सांगावं लागलं असतं.

हे पत्र वह्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवतेय. मी वाडीची आहे, हे या शाळेत अजून कुणालाच माहीत नाही.